श्रावणात पाहावा गुलाब

गुलाबाचं रोप लोक जानेवारीत निवडतात. पुण्याला एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं, रोपवाटिकांच्या दारात फुललेल्या कुंड्या ओळीने मांडलेल्या असतात, आणि त्या थंडीत कुठलंही झाड देखणंच दिसतं. कर्जत-खालापूरकडच्या कुणी मला विचारलं, तर मी सांगते, ऑगस्टमध्ये जा. फूल बघू नका, पान बघा. श्रावणातल्या झडीत ज्याच्या अंगावर निम्मी तरी पानं टिकून आहेत, ते झाड आपल्याकडे नांदेल. बाकीची घाटावर सुखी राहोत.

माझं माहेर पुण्याचं, एरंडवण्यातलं. वडिलांना गुलाबाचं वेड. ग्लॅडिएटर, सुपरस्टार, ख्रिश्चन डिऑर, क्वीन एलिझाबेथ ही नावं आमच्याकडे जेवताना घेतली जात. लग्न होऊन मी कर्जतला, उल्हास नदीपलीकडे दहिवलीला आले, तेव्हा त्यांनी दिलेली रोपं सिंहगड एक्स्प्रेसने घाट उतरून आली. पहिल्या थंडीत त्यांनी अंगण उजळून टाकलं. जुलैअखेर नुसत्या काटेरी काड्या उभ्या. सासूबाई म्हणाल्या, "पुण्याची आहेत, सोसायचं नाही त्यांना इथलं." त्या गुलाबांबद्दलच बोलत असाव्यात.

मी बँकेत होते. दर नव्या वर्षी डायऱ्या फुकट मिळत. त्यातल्या एकीत गुलाबांच्या नोंदी सुरू झाल्या, त्या निवृत्तीनंतरही चालू आहेत. कुठलं झाड, कुठल्या कोपऱ्यात, पानगळ कधी लागली, नवी फूट कधी आली, फूल किती दिवस टिकलं, वास सकाळी कसा आणि दुपारी कसा. फुलांच्या नोंदी आता चाळल्या तरी कंटाळा येतो; सगळीकडे "सुंदर" लिहिलंय. पानगळीच्या नोंदी मात्र पुन्हा पुन्हा वाचाव्यात अशा आहेत.

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच. वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास. कर्जत शंभर मीटरच्याही खाली, आणि इथे पाऊस तीन हजार मिलिमीटर ओलांडतो. कर्जतला भात संशोधन केंद्र आहे, गुलाब संशोधन केंद्र नाही, यातच काय ते समजावं. पण गुलाबाचं बिघडतं ते नुसत्या पावसाच्या आकड्यामुळे नाही. पान किती वेळ ओलं राहतं, तिथे खरी गोम आहे.

पानांवर काळे ठिपके पडतात, भोवती पिवळा रंग पसरतो आणि पान गळतं. हा डिप्लोकार्पॉन रोझी नावाच्या बुरशीचा रोग. तिचे बीजाणू वाऱ्यावर फारसे उडत नाहीत. पावसाचा थेंब जमिनीवर पडलेल्या जुन्या पानावर आपटतो आणि उसळलेल्या पाण्यातून ते वरच्या पानांवर जातात. तिथे रुजायला त्यांना सलग सातेक तास पान ओलं लागतं. पुण्यात सर येते, ऊन पडतं, पान सुकतं, बीजाणूचं काम अर्धवट राहतं. आमच्याकडे आषाढात पान चार-चार दिवस सुकत नाही. शिवाय तेव्हाची हवा चोवीस-पंचवीस अंशांच्या आसपास रेंगाळते, म्हणजे बुरशीला हवी तशीच. म्हणून रोग आधी खालच्या पानांवर दिसतो आणि मग वर चढतो. गळलेली पानं रोज उचलून टाकणं हा यावरचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कंटाळवाणा उपाय. आमच्याकडे निंदणीला येणारी ठाकरवाडीतली बाई ती पानं चुलीत घालते. मीही कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू देत नाही.

नणंदेचं घर खोपोलीला, अगदी घाटाच्या पायथ्याशी. आम्ही दोघींनी एकाच खेपेला आणलेली, एकाच नावाची रोपं लावली की तिच्याकडची नेहमी आधी पानं टाकतात. पाऊस तिच्याकडे थोडा जास्त, हे खरं. पण कारण एवढंच नाही. सह्याद्रीची भिंत तिच्या पूर्वेला, डोक्यावरच. माझ्या अंगणात ऊन आलेलं असतं तेव्हा तिच्याकडे अजून सावली. श्रावणात मधूनच उघडीप पडते, त्या दिवशी माझी पानं नऊपर्यंत कोरडी होतात, तिची अकरापर्यंत ओलीच. हे लक्षात आल्यावर आम्ही तिची झाडं घराच्या पश्चिमेकडून काढून पूर्वेच्या, सगळ्यात आधी उजळणाऱ्या पट्ट्यात नेली, आणि दोन झाडांत हात-दीड हात अंतर वाढवलं. फरक पडला. खालापूर तालुक्यात घाटाला टेकून राहणाऱ्यांनी गुलाबाला आधी सकाळचं ऊन द्यावं. दुपारचं नाही मिळालं तरी चालेल, एप्रिलमध्ये तर ते नकोच.

अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये विल्यम रॅडलर नावाचे एक गृहस्थ. काळ्या ठिपक्यांची रोगट पानं ते वाळवून कुटत, ती पूड आपल्या नव्या रोपांवर भुरभुरत आणि वरून पाणी शिंपडत. जी रोपं मरायची ती मरू देत. जी हिरवीच राहिली त्यातून २००० साली त्यांचा 'नॉक आउट' नावाचा गुलाब बाजारात आला आणि अमेरिकेतल्या घरांपुढे सर्रास दिसू लागला. जर्मनीतही गुलाबांच्या नव्या जाती काही वर्षं औषध न मारता निरनिराळ्या बागांत वाढवून पाहतात आणि टिकेल त्यालाच शिक्का देतात. मला गंमत वाटते. रॅडलरसाहेबांनी जे मुद्दाम घडवून आणलं, ते कर्जतला जून ते सप्टेंबर दर वर्षी फुकट घडतं. आपण फक्त वही घेऊन बसायचं.

तर वही काय सांगते? सुपरस्टार आणि ख्रिश्चन डिऑर आमच्याकडे टिकत नाहीत. पावसात ठिपके, थंडीत भुरी. डबल डिलाइट, ज्याच्या पांढऱ्या पाकळीला कडेने लाल रंग चढत जातो, तो फुलतो तेव्हा शेजारीपाजारी बघायला येतात, पण त्याला औषधाशिवाय पावसाळा काढता येत नाही. आइसबर्ग हा १९५८ चा जर्मन पांढरा गुलाब जगभर कौतुकाचा. आमच्याकडे ऑगस्टपर्यंत नागडा होतो. क्वीन एलिझाबेथ तग धरते. उंच वाढते, फुलाला वास जवळजवळ नाही, पण सप्टेंबरात बाकीच्यांची हाडं दिसत असताना ती पानांनी झाकलेली असते. ग्लॅडिएटरही जिवट आहे. दिसायला भडक गुलाबी, जरा राठ. पूर्वी महाराष्ट्रात उघड्या शेतात तो एवढा का लावत असत, ते इथे पावसात कळतं. पाकळ्यांची दाटी असलेले, इंग्रजी पद्धतीचे फुगीर गुलाब मी आता आणतच नाही. जुलैत त्यांची कळी बाहेरून चिकटते, आतून कुजते आणि न उमलताच तपकिरी गोळा होऊन लोंबते. पाच-पंचवीस पाकळ्यांचं फूल त्याच पावसात उमलून मोकळं होतं.

या सगळ्यांच्या वर माझ्या वहीत दोन जण आहेत, आणि दोघांनाही रोपवाटिकेत मान नाही: बटण गुलाब आणि गावठी गुलाब.

ते का टिकतात हे समजायला थोडं मागे जावं लागतं. युरोपातले बहुतेक जुने गुलाब वर्षातून एकदाच फुलत, हिवाळ्यात पानं टाकून झोपत. चीनच्या बागांत मात्र शतकानुशतकं वाढवलेले गुलाब होते, ते जवळपास वर्षभर फुलत आणि त्यांना अशी झोप लागत नसे. १७९२ च्या सुमाराला त्यातला एक गडद लाल गुलाब ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजातून कलकत्त्यामार्गे इंग्लंडला गेला आणि कंपनीचे एक संचालक गिल्बर्ट स्लेटर यांच्या बागेत फुलला. त्याच्या मागोमाग आज 'ओल्ड ब्लश' म्हणून ओळखला जाणारा गुलाबी, आणि पुढे १८०९ व १८२४ मध्ये चहाच्या वासाचे दोन. या चिनी पाहुण्यांशी युरोपातल्या गुलाबांचा संकर होत होत १८६७ मध्ये फ्रान्समध्ये 'ला फ्रान्स' झाला. त्याला पहिला हायब्रिड टी मानतात, आणि हल्ली फुलवाल्याकडे मिळणारा लांब दांड्याचा गुलाब त्याच वंशातला. पण थंड देशांतल्या पैदासकारांनी पुढची शंभर वर्षं निवड केली ती तिकडच्या हवेत. मूळच्या चिनी रक्ताला उष्ण, दमट हवा परकी नव्हती. बटण गुलाबात ते रक्त जास्त आहे. इवलं पान, इवलं फूल, कुंडीत वाढतो, आणि ठिपक्यांनी पानं गळलीच तरी पंधरवड्यात पुन्हा भरतो.

गावठीची गोष्ट हिंदी महासागरातली. आज ज्याला रियुनियन म्हणतात त्या बेटाचं जुनं नाव बोरबॉन. तिथे शेताच्या कुंपणाला दमास्क आणि चिनी गुलाब शेजारी-शेजारी लावत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांचा आपसूक संकर होऊन एक नवा गुलाब उगवला, त्याला बेटावर 'रोझ एदुआर' म्हणत. आपल्या देशात तो 'एडवर्ड' नावाने पसरला. सुट्ट्या फुलांसाठी, गुलकंदासाठी, आणि दुसऱ्या गुलाबाचा डोळा भरायला खुंट म्हणूनही. माझ्या अंगणातला गावठी त्याच घडणीचा आहे: गर्द गुलाबी, विस्कटलेला, अर्ध्या दिवसात पाकळ्या ढाळणारा. प्रदर्शनात कुणी त्याच्याकडे वळून पाहणार नाही. पण सकाळी दार उघडलं की आधी त्याचाच वास येतो.

वासावरून एक सांगायचं राहील. घाट चढून वर गेलं की मावळ. तिथल्या पॉलिहाउसमधले 'टॉप सीक्रेट'सारखे लाल गुलाब फेब्रुवारीत परदेशी जातात. वर प्लॅस्टिकचं छप्पर, खाली ठिबक. पानावर थेंब पडतच नाही, म्हणून काळ्या ठिपक्यांचा प्रश्नच उरत नाही. रात्री थंड, म्हणून दांडा लांब आणि कळी मोठी. पण नाक लावलं तर काही नाही. आमच्या निंदणीच्या बाईंनी एकदा लग्नाच्या मांडवातलं फूल हुंगून विचारलं होतं, "काकू, हा खरा हाय ना?" खरा असतो. लोक म्हणतात, टिकाऊपणाच्या मागे लागून वास गेला, आणि ते ढोबळमानाने बरोबर आहे. आत काय घडतं ते फ्रान्समधल्या सेंट-एतिएनच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं. त्यांनी मेयाँ या गुलाब-पैदासकार घराण्याचेच दोन गुलाब समोरासमोर ठेवले: सुगंधी 'पापा मेयाँ', ज्याच्या पाटीवर आपल्याकडे 'पापा मिलांड' लिहितात, आणि बिनवासाचा 'रूज मेयाँ'. सुगंधी फुलाच्या पाकळ्यांत एक विकर भरपूर काम करत होतं, बिनवासाच्यात ते जवळपास निपचित. गुलाबाच्या वासातलं जिरॅनिऑल ज्या वाटेने तयार होतं, त्या वाटेवरचं हे विकर. त्याआधी सगळे जण वेगळ्याच विकरांवर संशय घेत होते.

पापा मिलांड माझ्याकडे आहे. पान काळ्या ठिपक्यांना बळी, थंडीत भुरीला बळी, फूल जवळजवळ काळपट लाल, आणि वास असा की बाकी सगळं माफ. त्याला मी कुंडीत ठेवते आणि पावसाळ्यात पत्र्याच्या पडवीखाली उचलून नेते. एखाद्याचे लाड करावेत. पण बागभर लाडकेच लावले तर जुलैत रडायची वेळ येते.

आमच्याकडचं गुलाबाचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं. पुस्तकांत ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात छाटणी सांगतात आणि घाटावर ते बरोबरच आहे. इथे झाड नुकतंच पावसातून उठलेलं असतं, पानं गळून गेल्यामुळे अंगात साठा नसतो. त्यावर कात्री चालवली की शेंडे वरून खाली काळे पडत मरत येतात. म्हणून मी पाऊस थांबल्यावर आधी नवी पालवी येऊ देते, शेणखत आणि थोडी पेंड घालते, आणि छाटणी ऑक्टोबरच्या अखेरीला, तीही हलकी. मेलेलं, आडवंतिडवं, पेन्सिलीहून बारीक तेवढं काढायचं. बाहेर तोंड केलेल्या डोळ्याच्या वर तिरका काप, आणि कापावर मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट. त्याच सुमाराला आजूबाजूला भातं कापून झोडणी चाललेली असते, पेंढा हवा तेवढा मिळतो. तो बुंध्याभोवती अंथरायचा. मात्र पावसाआधी तो काढून टाकायचा, नाहीतर बुंधा सतत ओला राहतो. छाटणीनंतर साधारण दीड महिन्याने बहर, म्हणजे डिसेंबरच्या मध्याला. रोपवाटिकेतल्या जाहिरातींसारखं जे काही असतं ते मग आमच्याकडेही दोन महिने असतं.

या दिवसांत रंग बघण्यासारखे. रात्र थंड झाली की लाल गुलाब गडद होतो, एप्रिलमध्ये तोच फिका पडतो आणि त्याच्या पाकळ्याही कमी भरतात. डबल डिलाइटची लाली मात्र उन्हातल्या अतिनील किरणांनी चढते. सावलीत ठेवलेला तो पांढराच राहून बघणाऱ्याला फसवतो. निळा गुलाब मात्र कुठल्याच हवेत उगवत नाही. निळ्या फुलांना लागणारं डेल्फिनिडिन गुलाब बनवतच नाही. जपानच्या सन्टोरी कंपनीने दुसऱ्या फुलातलं जनुक घालून २००९ मध्ये विकायला काढला तोही जांभळटच. तेव्हा मोबाइलवर निळ्या गुलाबाचं 'बी' विकणाऱ्यांना पैसे पाठवू नयेत. आमच्या सोसायटीतल्या एकांनी पाठवले. उगवली ती कोथिंबिरीच्या जवळपासची कसलीशी भाजी.

उन्हाळ्यात पाण्याचा प्रश्न आमच्या पट्ट्यात इतर कोकणाहून थोडा सोपा आहे, आणि त्याचं श्रेय टाटांच्या वीजघरांना. खोपोलीचं १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं. घाटावरच्या धरणांचं पाणी टर्बाइन फिरवून खाली येतं, ते एकीकडे पाताळगंगेत आणि दुसरीकडे पेज नदीत, पेजेतून पुढे उल्हासमध्ये. त्यामुळे मे महिन्यातही या नद्या वाहत असतात. गुलाबाला पाणी सकाळी, बुंध्याशी. संध्याकाळी पाइप धरून पानं धुण्याची हौस असेल तर ती मे महिन्यात भागवावी, तेव्हा लाल कोळी पानांखाली जाळी करतात आणि पाण्याच्या फवाऱ्याने ते धुऊन जातात. बाकीच्या काळात नाही.

पहिला पाऊस झाला की संध्याकाळी तपकिरी भुंगेरे येतात आणि कोवळी पानं कुरतडतात. दिव्याखाली साबणाच्या पाण्याची परात ठेवली की शेकड्यांनी पडतात. ते मारावेत, कारण त्यांच्याच अळ्या म्हणजे मुळं खाणारी हुमणी. पण पानाच्या कडेला कात्रीने कापल्यासारखे गोल तुकडे गेलेले दिसले, तर औषधाच्या बाटलीला हात लावू नये. ती एक एकटी राहणारी मधमाशी, पानाचे गोल कापून नेते आणि पोकळ काडीत पिल्लांसाठी कप्पे करते. मी तिची वाट बघते. तिने कापलेल्या पानाला आजवर काही झालेलं नाही.

वाचून एका गुलाबाची ओढ लागली आहे, अजून पाहिलेला नाही. बंगालच्या पाणथळ जागांत 'रोझा क्लिनोफिला' नावाचा आपला रानगुलाब वाढतो, पाण्यात पाय बुडवून उभा राहतो. कोडाईकनालचे विरू विराराघवन आणि गिरिजा विराराघवन यांनी तो आणि ईशान्येकडचा 'रोझा जायगँटिया' घेऊन उष्ण प्रदेशांसाठी गुलाब तयार केले. त्यातल्या एकाला वनस्पतिशास्त्रज्ञ ई. के. जानकी अम्मल यांचं नाव आहे. त्याआधी डॉ. बी. पी. पाल यांनी, जे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक होते, दिल्लीत बरेच गुलाब काढले. १९६८ चा त्यांचा पांढरा 'डॉ. होमी भाभा' वडिलांकडे होता. पण दिल्लीचा हिवाळा आणि पुण्याची हवा यांच्यात जमतं. भातखाचराच्या बांधावर उभा राहील असा गुलाब हवा असेल तर तो पाणथळीतल्या त्या कुळातूनच निघेल, असं माझं मत.

रोप विकत घेताना कलमाची गाठ बघा. डोळा भरलेली जागा जमिनीच्या वर राहिली पाहिजे. गाठीखालून तरारून वर येणारी, वेगळ्या पानांची फूट म्हणजे खुंटाची. ती बुडातून ओढून काढायची, कापायची नाही. न काढली तर दोन पावसाळ्यांत वरचा डिऑर गेलेला असतो आणि खुंटच फुलत असतो. आमच्या गल्लीत असे दोन-तीन 'डिऑर' आहेत. त्यांच्या मालकिणी खूश आहेत, मी काही बोलत नाही.

गावठीला हा त्रास नाही, तो स्वतःच्याच मुळावर उभा असतो. त्याची काडी कुणीही न्यावी. ऑगस्टमध्ये पाऊस जरा ओसरला की गेल्या थंडीतली, पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी, चार डोळे राहतील एवढी कापून देते. खालचे दोन डोळे मातीत, वर दोन पानं ठेवायची, माती निम्मी रेतीची, कुंडी पडवीत. हलवून मूळ धरलंय का ते बघायचं नाही. नणंदेच्या शेजारणीने गेल्या वर्षी तीन काड्या नेल्या. तिला त्यातल्या दोन लागल्या, आणि आता ती वरदविनायकाला महडला जाताना फुलं घरचीच नेते. तिसरी काडी मागायला ती पुढच्या श्रावणात येणार आहे. तेव्हा तिला बटण गुलाबाचीही देईन म्हणते.